भिंतीच्या खोलीतलं धुकं

१

दातांचे डॉक्टर अनवाणीच धुलाईच्या खोलीत आले. अंगात झोपायचा सदरा, केस उभे, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण काही चुकीचं बोललो तर हे लोक आपल्याला हसतील.

"मावशी," ते म्हणाले, "तुमच्याकडे भिंती रात्रीतून बदलतात का?"

थोरली उशांचे अभ्रे मोजत होती. तिने मोजणं पुरं केलं. "काय झालं?"

"रात्री दिवा मालवला तेव्हा समोरच्या भिंतीवर चित्र होतं. आता नाहीये. पांढरी भिंत आहे. मला वाटलं, तुमचा काही कलेचा प्रकार असेल. मी रागावलो नाही हं, नुसतं विचारतोय."

थोरली उठली. गुडघा धरून उठावं लागायचं, तशी उठली.

डोंगराच्या उतारावरचं ते घर सुट्टीच्या पाहुण्यांसाठी होतं. लोक आठ दिवस यायचे, चित्र काढायला शिकायचे, चाकावर मडकं वळायला शिकायचे, आणि रात्री निजायचे तेही कलेच्याच कुशीत. मातीच्या खोलीत पलंगाच्या उशाला हाताने भाजलेल्या फरशा होत्या, आणि पाहुण्यांनी केलेल्या वाकड्या वाडग्यांमधून दिवे जळायचे. विणीच्या खोलीत जुन्या मागाची चौकटच पलंग झाली होती. कागदाच्या खोलीतला पडदा, दिव्याची टोपी, घड्याळाची तबकडीसुद्धा कागदाची. चौथी भिंतीची खोली. तिच्यात एक पलंग, एक खुर्ची आणि एक भिंत, एवढंच होतं. ती भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, जमिनीपासून छतापर्यंत थोरलीच्या धाकट्या बहिणीने रंगवली होती. चारही खोल्या तिच्याच डोक्यातून निघालेल्या.

धाकटीला जाऊन अकरा आठवडे झाले होते. थोरली अजून रडली नव्हती. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. एकाच मांडीवर फार वेळ बसलं की पाय बधिर होतो आणि मग जमिनीवर टेकला तरी जमीन कळत नाही, तसं तिचं आतून झालं होतं. ती चादरी धुवायची, वाळवायची, घालायची.

ती खोलीच्या दारात उभी राहिली. भिंत पांढरी होती. छतापासून जमिनीपर्यंत, एकसारखी. खाली कुठेतरी रंगाची पुसट सावली वाटत होती, पण ती डोळ्यांना सवय असल्यामुळेही वाटत असेल.

"दाराला आतून कडी होती?" तिने विचारलं.

"होती. मी स्वतः लावली. सकाळी मीच काढली." "आणि खिडक्या आतून बंद. म्हणजे मावशी, खोलीत रात्रभर मी एकटाच होतो."

२

मेहुणे आले, चित्रमास्तर आले, मागून भाची चहाचा ट्रे घेऊन आली. सगळे दारात थबकले. भाचीच्या हातातले कप एकमेकांवर वाजले.

मेहुणे, म्हणजे धाकटीचा नवरा, उंच आणि वाळलेले गृहस्थ; भाची ही त्यांची एकुलती मुलगी. बायको गेल्यापासून ते कोणाच्याही डोळ्यांकडे बघून बोलत नसत, कपाळाकडे बघून बोलत.

"डॉक्टर," ते डॉक्टरांच्या कपाळाला म्हणाले, "हे तुम्ही केलंत?"

"मी? अहो, मी माणसांचे दात पांढरे करतो. भिंती नाही."



"आज तीन वाजता त्या जुनी चित्रं जपणाऱ्या संस्थेच्या बाई येणार आहेत," मेहुणे म्हणाले. "फक्त ही भिंत बघायला. भिंत त्यांना पटली तर संस्था घर घेणार, खोल्या आहेत तशा ठेवणार, माणसं आहेत तशी ठेवणार. नाही पटली तर उद्या हॉटेलवाल्यांचा माणूस येतोय. तो खोल्या बघणारही नाही, सरळ पाडणार." हे सगळं ते रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं बोलले. "आता बाईंना दाखवायला काहीच नाही. मी त्यांना कळवतो."

"त्या निघाल्याही असतील," चित्रमास्तर म्हणाले. "पहाटेची गाडी होती त्यांची."

"मग येऊन बघतील आणि परत जातील. आणि डॉक्टर, तुम्ही कुठे जायचं नाही. कोणीही भिंतीला हात लावायचा नाही. उद्या चौकशीला माणसं बोलावतो."

थोरलीने तोवर भिंतीवर बोट फिरवलं होतं. बोटाला पांढरी पूड लागली. तिने ती हुंगली. चुना. धाकटी रंगाकडे वळली त्याच्याही आधी, ऐन उमेदीची वीस वर्षं थोरलीने लोकांच्या भिंती चुन्याने रंगवल्या होत्या. मडक्यांच्या भट्टीमागे चुन्याचं पिंप होतं ते तिचंच, आणि त्याच्या शेजारी सरसाचा, चिकट खळीचा, डबा होता तोही. बाहेरच्या भिंतींना पाऊस लागतो, म्हणून त्यांच्या चुन्यात ती सरस कालवायची. आतल्या भिंतींना नुसता चुना आणि पाणी.

"भाऊजी," ती म्हणाली, "कोवळा चुना ओल्या फडक्याने निघतो. एका दिवसाच्या आत. पुढे तो दगड होतो. उद्यापर्यंत थांबलात तर चौकशीला उरेल ती नुसती पांढरी भिंत."

"मग पुसून टाका की मावशी!" डॉक्टर म्हणाले.

"बादलीत सरस असला तर नाही पुसता येणार. सरसाचा चुना खालचा रंग ओढून घेऊन निघतो. पुसायला जावं आणि चित्रच फडक्यावर यावं." ती भिंतीकडे बघत राहिली. "बादलीत काय होतं ते ज्याने लावला त्यालाच ठाऊक."

"जरासं कोपऱ्यात पुसून बघू," चित्रमास्तरांनी सुचवलं.

"कोपऱ्यातही चित्रच आहे. कुठला तुकडा गमवायचा, तुम्ही सांगा."

भाचीने चहाचा कप मावशीपुढे धरला. कप तिने रुमालात धरला होता. मेहुण्यांनी खिशातून घड्याळ काढलं. सव्वासात.

"बारापर्यंत," ते म्हणाले. "बारापर्यंत मला माणूस सांगा, ताई. नाही तर मी हॉटेलवाल्यांना होकार कळवून मोकळा होतो."

भिंत कोरडी ठाक होती, ही गोष्ट थोरलीच्या मनात कुठेतरी खड्यासारखी टोचत होती. पण कुठे टोचतं तेच कळत नव्हतं.

३

तिने आधी डॉक्टरांना धुलाईच्या खोलीत बसवलं. तिला तिथेच नीट ऐकू यायचं. अभ्रे घडी करत करत ती विचारत गेली.

"काल किती वाजता आलात?"

"सहाला. तुमच्या मेहुण्यांनी शहरातून गाडीने आणलं. खोलीत तुमच्या भाचीबाईंनी सोडलं. मी बॅग ठेवली, चहा घेतला, आणि मग बसून चित्र काढलं."

"कसलं?"

"त्या भिंतीचंच. नाही म्हणजे, माझं चित्र बघून हसू नका. चाळीस वर्षं मी माणसांच्या तोंडात बघितलं, आता जरा बाहेर बघावं म्हणून इथे आलो." त्यांनी वही काढली. जलरंगातलं लहानसं चित्र होतं. दोन मुली, मध्ये बांबूला अडकवलेली बादली, मागून पळत येणारी एक तिसरी छोटी. सगळं फिकं, मऊ, दुधात बुडवल्यासारखं.

"हे फिकं का?"

"ते धुकं. मला तेच फार आवडलं. त्या मुली पहाटेच्या धुक्यातून पाणी घेऊन येताहेत, नाही का? तुमच्या बहिणीचा हात काय होता! सबंध भिंतीवर धुकं पसरायचं म्हणजे…"

थोरलीच्या हातातला अभ्रा तसाच राहिला.

"खोलीत वास कसला होता?"

"छान होता. नव्या मडक्यात पाणी ओतल्यावर येतो ना, तसला. मी म्हटलं, हाही कलेचाच भाग असेल. इथे सगळंच कलेचं. टॉवेलचीसुद्धा घडी बदकासारखी. खिडक्या मात्र उघडेनात. जरा कोंदट वाटत होतं."

"डॉक्टर, तुम्ही पलंगावरची चादर बदललीत का?"

"मी? घरी मी उशीसुद्धा उचलत नाही, बायकोला विचारा."

ती उठून भिंतीच्या खोलीत गेली. पलंगाजवळ वाकून पायाकडचा डावा कोपरा तिने बोटांनी चाचपला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली. भिंतीकडे पाठ करून बसली.

या खोलीच्या चादरी चार. निळ्या लाटांच्या ठशाच्या. दुसऱ्या कुठल्या खोलीत त्या जात नाहीत. काल बारा वाजता, आधीचा पाहुणा गेल्यावर, तिने घातली होती ती रफू केलेली, पायाकडे डावीकडे. आत्ता पलंगावर होती तिला रफू नव्हतं.

४

चित्रमास्तर वऱ्हांड्यात ब्रश धूत होते. आवाज असा की प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून दाखवताहेत.

"काल दिवसभर मी तळ्यावर होतो. एक ते पाच. सोबत पाच पाहुणे. विचारा कोणालाही. पाचही जणांनी बदकं काढली आणि पाचही जणांच्या कोंबड्या झाल्या."

"संध्याकाळी भिंत बघितली होतीत?"

"सातला. डॉक्टर दार उघडं टाकून रंगवत बसले होते, मी दारातून डोकावलो. दिव्याच्या उजेडात चित्र जागच्या जागी होतं. शपथेवर सांगतो. म्हणजे जे झालं ते सातनंतर. म्हणजे डॉक्टर. तर्काने दुसरं काही निघत नाही, मावशी."

"धुकं होतं का चित्रात?"

"धुकं? उजेड मंद होता. काय धुकं? त्या चित्रात लख्ख ऊन आहे."

"आहे खरं," ती म्हणाली. "तुम्ही आज सकाळी त्या खोलीत काय करणार होतात? रंग मांडून ठेवलेत तुम्ही."

मास्तरांनी ब्रश झटकला. "तिसऱ्या मुलीचा चेहरा राहिलाय. तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या बहीणबाई आजारी पडल्या आणि चेहरा कोरा राहिला. संस्थेच्या बाईंना अपुरं काम दाखवायचं कसं? मी म्हटलं, दहा वाजता तासाभरात चेहरा भरून टाकतो. कोणाला कळणारही नाही."

"कोणाला सांगितलं होतंत?"

"फक्त तुमच्या भाचीला. परवा. लहानपणचा फोटो मागितला तिच्याकडे. चेहरा तिचाच ना तो."

"दिला तिने?"

"बघते म्हणाली. जरा पांढरी पडली खरी, पण ती हल्ली तशीच दिसते."

थोरली तिथून निघाली ती मेहुण्यांकडे. ते कचेरीत टेबलापाशी बसले होते आणि टेबलावर काहीही नव्हतं.

"भाऊजी, काल तुम्ही कधी गेलात शहरात?"

"दहाला. हॉटेलवाल्यांकडे होतो दिवसभर. सहाला डॉक्टरांना घेऊन आलो." मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हाला वाटतंय मी केलं. मला हे घर नकोय, हे खरं. प्रत्येक खोलीत ती आहे, ताई. मातीत आहे, कागदात आहे. मी निजू कुठे? पण त्या भिंतीला मी हात लावला नसता. ती भिंत बघायची नाही म्हणून घर विकत होतो. पुसायला गेलो असतो तर बघावी लागली असती."

"नाही, तुम्ही नाही केलंत," ती म्हणाली. "मला कळलंय कधी झालं ते."

"रात्री झालं."

"नाही. काल दुपारी."

"ताई, सात वाजता मास्तरांनी चित्र बघितलंय. डॉक्टरांनी त्याची नक्कल काढली आहे!"

"म्हणूनच," थोरली म्हणाली आणि दाराकडे वळली. "चला, सगळ्यांना बोलवा. नाही, थांबा. मी सांगेपर्यंत बोलवू नका. अर्धा तास द्या."

५

भाचीची खोली जिन्याच्या वर होती. दार नुसतं लोटलेलं. ती पलंगावर बसली होती, हात मांडीत. वय तिशीचं, पण बसली होती शाळेतून घरी पाठवलेल्या पोरीसारखी.

थोरली शेजारी बसली. भाचीचा हात तिने उलटा करून बघितला. बोटांची टोकं भेगाळलेली, कोरडी, लाल. चुना कातडी खातो. वीस वर्षं थोरलीची बोटं अशीच होती.

"म्हणून रुमालात कप धरलास," ती म्हणाली.

भाचीने बोटं मुठीत मिटली.

"चुना लावला की आधी दिसत नाही," थोरली सांगत राहिली. तिचा आवाज अभ्रे मोजतानाचाच होता. "ओला असतो तोवर पाण्यासारखा. खालचं सगळं दिसतं. वाळत जातो तसा पांढरा होतो, आणि खोली बंद असली तर वाळायला रात्र लागते. संध्याकाळी अर्धा वाळलेला होता. डॉक्टरांना ते धुकं वाटलं. मास्तरांना उजेड मंद वाटला. डॉक्टर निजले आणि भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांचे डोळे मिटलेले असताना, पांढरी झाली. रात्री कोणी लावला असता तर सकाळी सहाला भिंत ओली असती, आणि चित्र दिसलं असतं. भिंत कोरडी होती."

खाली कुठेतरी डॉक्टर मोठ्याने कोणाला तरी विचारत होते की जेवण मिळणार की कैद्याला उपाशी ठेवणार.

"मी बाराला पलंग घातला. सहाला पाहुणा आला. मधल्या वेळात मास्तर तळ्यावर, तुझे बाबा शहरात, मी इस्त्रीला. तू डोकं दुखतंय म्हणून वर. पण तेवढ्याने मी आले नसते. चादर बदललेली होती. शिंतोडे उडाले असणार. आणि जी नवी घातली तिचे कोपरे बघितले मी. आधी आत, मग वर, मग परत आत, आणि वर अंगठ्याचा दाब. ती घडी माझ्या आईची. ती दवाखान्यात आया होती, तिने आम्हा दोघींना शिकवली. मला येते, तुझ्या आईला यायची. तिने अजून एकीलाच शिकवली."

भाचीने मूठ उघडली. मग बोलली.

"मला बस म्हणायची ती. एक तास बस, चेहरा काढते. मी म्हणायची, उद्या. तीन महिने मी उद्या म्हटलं, मावशी. मला कामं होती. पाहुण्यांचे फोन होते." ती अगदी सपाट बोलत होती, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. "आणि मास्तर म्हणतात, तासाभरात भरतो, कोणाला कळणार नाही. कोणाला कळणार नाही! म्हणजे तो कोरेपणा, तो एकच माझा होता, तोही गेला."

"म्हणून सगळं पुसलंस."

"मला सगळं नको होतं पुसायला. तेवढा चेहरा झाकायचा होता. लावलं, दिसेना. परत लावलं, परत दिसेना. मग मी सगळ्या भिंतीवर फासत सुटले. दोनदा फासलं. आणि चित्र होतं तसंच! मला वाटलं, चुना लागलाच नाही. पाणी जास्त झालं असेल. मी शिडीवरून उतरले आणि मावशी, मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, झालं नाही. वाचले. फरशी पुसली, चादर बदलली, खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी डॉक्टरांना खोली दाखवताना मी त्यांना सांगितलंसुद्धा, ही माझ्या आईची भिंत. सकाळी ट्रे घेऊन आले आणि बघितलं."

थोरलीला कुठेतरी वाटत होतं की आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं. वाटलं नाही. तिने कामाचं विचारलं.

"बादलीत सरस घातलास?"

भाचीने मान वर केली. "सरस?"

"पिंपाजवळचा डबा. मी बाहेरच्या भिंतींना घालते तो."

"मला आठवत नाही, मावशी. डबा उघडा होता पुढ्यात. तू घालतेस हे बघितलेलं होतं. घातला असेल. नसेलही. मला खरंच आठवत नाही. हात चालत होते नुसते."

जिन्यात मेहुण्यांची पावलं वाजली. साडेदहा झाले होते, आणि बारापर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं होतं, वर येणार नाही असं नव्हे.

"चादर कुठे आहे?" थोरलीने विचारलं.

६

चादर भाचीच्या पलंगाखाली होती, चुरगाळून बोळा केलेली. थोरलीने ती काढून गुडघ्यांवर पसरली. निळ्या लाटांवर पांढरे शिंतोडे. डाव्या कोपऱ्यात रफू. मेहुणे दारात उभे होते. त्यांनी चादर बघितली, मग मुलीचे हात बघितले. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"सरस असला तर शिंतोडा कापडाला कातड्यासारखा चिकटतो," थोरली म्हणाली. "नखाने निघत नाही."

तिने सगळ्यात मोठ्या शिंतोड्यावर अंगठा ठेवला. चोळला. बधिर झालेल्या माणसाच्याही अंगठ्याला काही गोष्टी कळतात. कापड मऊ होतं. पांढरी पूड झरझर तिच्या पायांवर पडली.

"नुसता चुना आहे," ती म्हणाली. "बादल्या आणा. स्पंज आणा. भाऊजी, शिडी."

मेहुणे हलले नाहीत. "हिला काही विचारायचं नाही मी?"

"विचारा. पण तीन वाजल्यानंतर. चुना थांबणार नाही तोवर."

ते शिडी आणायला गेले.

डॉक्टरांना थोरलीने स्वतः सांगितलं की तुम्ही सुटलात. कोणी केलं ते सांगितलं नाही. घरातलं आहे, एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या. "मावशी, दातावरचा थर काढणं हा माझा धंदा आहे. खालच्या मुलाम्याला धक्का न लावता. द्या ते फडकं."

खरोखर त्यांचाच हात सगळ्यांत हलका निघाला. मास्तर मात्र दोनदा ओरडा खाऊन खाली उतरले आणि पाणी बदलायला लागले. चुना दुधासारखा ओघळत होता, बादलीमागून बादली पांढरी होत होती, आणि भिंतीवर आधी बांबू आला, मग बादली, मग बांबूच्या एका टोकाला वाकलेली मोठी मुलगी, म्हणजे लहानपणची थोरलीच. ओझं आपल्याकडे सरकावं म्हणून तिने बांबू मुद्दाम खाली धरला होता. थोरली ते विसरली होती. धाकटी विसरली नव्हती.

चित्र ओल्या गिलाव्यात रंगवलेलं होतं, भिंतीच्या अंगातच मुरलेलं. ते हललं नाही.

तिसऱ्या मुलीपाशी कोणी गेलं नाही. दीड वाजत आला. तेवढाच एक पांढरा ठिपका भिंतीवर राहिला, माणसाच्या तळहाताएवढा. थोरलीने स्पंज भाचीच्या हातात दिला.

"मी नाही," भाची म्हणाली.

"तूच. आणि पाणी भरपूर घे."

भाचीने पुसलं. एकदा, दोनदा. पांढरं उतरलं, खालचा कोरा गिलावा दिसला, पिवळट, रिकामा. मग पाणी आत मुरलं आणि गिलावा गडद झाला. त्यात रेघा उमटल्या. केसाएवढ्या बारीक, गिलाव्याच्या पातळ थराखालच्या कोळशाच्या, ओल्या चुन्याच्या पुसट झाकेतही लपतील अशा, आतून वर आल्यासारख्या. भुवई. नाकाचा शेंडा. हसताना एका बाजूला जास्त उघडणारं तोंड.

डॉक्टर शिडीवर होते, ते तसेच राहिले.

"ती बसली होती तिच्यापुढे?" मास्तरांनी हळूच विचारलं. "नमुना म्हणून?"

"नाही," मेहुणे म्हणाले. "बसली नाही. हिच्या आईने मनानेच काढली." मग ते मुलीजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तिच्या हातातला स्पंज घेतला, पिळला आणि परत दिला.

भिंत वाळू लागली. रेघा फिक्या होत गेल्या. भाचीने पुन्हा ओला स्पंज लावला. पुन्हा चेहरा आला. ती तिसऱ्यांदा हात उचलणार, तेवढ्यात थोरलीने मनगट धरलं.

"पुरे. वाळू दे. आता ठाऊक आहे ना, कुठे आहे ते."

तीन वाजता संस्थेच्या बाई आल्या. लहानखुऱ्या, चष्मा डोक्यावर, बोलणं थोडं. त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. भिंत वाळली होती, उन्हाच्या रंगांवर चुन्याची अगदी पुसट झाक राहिली होती, आणि तिसरा चेहरा कोरा होता.

"हे काम अपुरं आहे का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं.

"नाही," मेहुणे म्हणाले. ते बाईंच्या डोळ्यांकडे बघून बोलत होते. "ते पुरं आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही, एवढी अट घाला कागदात. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, अजून एकदा भिंत बघितली, आणि खुर्चीवर बसून कागद मांडीवर घेतले. "चार खोल्या," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "आहेत तशा. आणि माणसं?"

"आहेत तशी," मेहुणे म्हणाले.

ते लोक कचेरीत गेल्यावर थोरलीने पलंग परत जागेवर सरकवला. कपाटातून चादर आणली. भाची न सांगता दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. दोघींनी चादर हवेत उडवली, पसरली, आणि दोन कोपऱ्यांना दोघी वाकल्या. आधी आत, मग वर, मग परत आत. अंगठ्याचा दाब.

थोरली सरळ झाली तेव्हा तिला दिसलं की निळ्या लाटांवर एक थेंब पडलाय. भिंत पुसतानाचं पाणी कुठूनतरी गळलं असेल, असं तिने धरलं. मग दुसरा पडला. तिने वर छताकडे बघितलं. छत कोरडं होतं.

"मावशी," भाची म्हणाली.

"काही नाही," थोरली म्हणाली. "वाळेल."